विमानातून मोजलेल्या वायूंचा आलेख विचित्र दिसतोय? या क्रमाने तपासा

संशोधन विमानांतून मोजलेल्या वायूंची आणि कणांची आकडेवारी आज बरीचशी खुली आहे. नासाच्या डीसी-८ विमानाने २०१६ ते २०१८ या काळात ‘अ‍ॅटम’ मोहिमेत पॅसिफिक आणि अटलांटिकवर जवळजवळ ध्रुवापासून ध्रुवापर्यंत मोजमापे केली. २०१६ची दक्षिण कोरियातली ‘कोरस-एक्यू’ आणि २०१९ची वणव्यांच्या धुरावरची ‘फायरेक्स-एक्यू’ यांच्याही फाइली कुणालाही उतरवून घेता येतात. पुढची अडचण मात्र ठरलेली असते. विद्यार्थी आलेख काढतो, तो कुठेतरी खटकतो, आणि मग तो आलेख माझ्यासारख्या कुणाकडे येतो. वर्षानुवर्षे हेच आलेख दुरुस्त करत आल्यामुळे दोष कुठे सापडतात, हे आता बऱ्यापैकी ठाऊक झाले आहे.

जमिनीवरचे केंद्र एका जागी उभे असते, तिथे फक्त वेळ बदलते. विमानाच्या प्रत्येक नोंदीत वेळ, जागा आणि उंची तिन्ही एकदम बदलतात. केंद्राच्या आकडेवारीवर चालणारी सवय इथे लावली की आलेख बिघडतो. खालचे बहुतेक दोष याच एका कारणाचे आहेत.

लक्षणे

- ओझोनच्या उभ्या (उंचीनुसार मांडलेल्या) आलेखाचा आडवा अक्ष उणे दहा हजारांपासून सुरू होतो आणि सगळे खरे बिंदू उजव्या कडेला एका रेघेत चिकटतात.
- वायूची सरासरी ऋण येते. किंवा निर्मळ समुद्रावरची सरासरी अपेक्षेपेक्षा बरीच जास्त येते.
- उड्डाणाच्या मध्येच रेषा अख्ख्या आलेखावरून आडवी मागे धावते.
- धुराच्या लोटात कार्बन मोनॉक्साइडचे शिखर आधी आणि कार्बन डायऑक्साइडचे नंतर दिसते. दोन्ही एकमेकांविरुद्ध मांडले तर रेषेऐवजी वेटोळे तयार होते.
- विमान चढतानाचा आणि उतरतानाचा आलेख एकमेकांशी जुळत नाही.
- वरच्या थरातले कणांचे प्रमाण दुसऱ्या कुणाच्या आलेखापेक्षा चौपट किंवा पाव दिसते.
- दहा किलोमीटरवर ओझोनची सरासरी दोनशे पीपीबी (अब्जात दोनशे भाग) येते, पण प्रत्यक्ष नोंदींत दोनशेच्या आसपास फारसे बिंदूच नसतात.
- नकाशावर उड्डाणमार्गाचा एकच रंग उठून दिसतो, बाकीचे त्याखाली दडतात.

पहिली तपासणी: फाइलचे हेडर वाचा

पाच मिनिटांचे काम आहे, खर्च शून्य, आणि निम्मी दुखणी इथेच संपतात. या क्षेत्रातल्या बहुतेक फाइली ‘आयकार्ट’ पद्धतीच्या असतात. हे नाव २००४च्या एका आंतरराष्ट्रीय मोहिमेवरून आले आहे. हेडर म्हणजे आकड्यांच्या आधीच्या माहितीच्या ओळी. त्या किती आहेत ते पहिल्या ओळीतच लिहिलेले असते. पुढे उपकरणाच्या मुख्य संशोधकाचे नाव, तारीख, प्रत्येक स्तंभाचे एकक, गुणक, गहाळ नोंदीची खूण, अनिश्चितता, मोजता येणारी किमान मर्यादा आणि वापराच्या अटी येतात. सॉफ्टवेअर या ओळी गाळून थेट आकड्यांवर उडी मारते, त्यामुळे त्या न वाचताच राहून जातात.

नोंद गहाळ असेल तिथे सहसा -९९९९ लिहिलेले असते. मापनाच्या वरच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या नोंदीला -७७७७ आणि खालच्या मर्यादेखालच्या नोंदीला -८८८८ अशी खूण असते. या तिन्ही खुणा एकाच टोपलीत टाकू नका. -९९९९ म्हणजे मोजलेच नाही, ते खुशाल काढा. -८८८८ म्हणजे मोजले, पण वायू इतका कमी होता की उपकरणाला दिसला नाही. ही माहिती आहे. ती फेकली तर फक्त जास्त प्रमाणाच्या नोंदी उरतात आणि स्वच्छ हवेची सरासरी खोटी वाढते. -७७७७चे उलट. दाट धुरातली शिखरेच कापली जातात.

खालच्या मर्यादेच्या नोंदींचे काय करायचे? मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी नोंद, घ्या. उंचीप्रमाणे रांगेत उभ्या केलेल्या मुलांमध्ये सगळ्यात बुटक्या चौघांची नेमकी उंची ठाऊक नसली, तरी मधला मुलगा कोण हे सांगता येते, तसेच हे आहे. निम्म्यापेक्षा कमी नोंदी मर्यादेखाली असतील तोवर मध्यक बिनधास्त वापरा. निम्म्याहून जास्त असतील तर आलेखावर तो बिंदू काढू नका, ‘मर्यादेखाली’ असे लिहा. मर्यादेच्या निम्मी किंमत भरण्याचीही रीत आहे, पण भरली असेल तर आलेखाखाली तसे सांगा.

‘शून्यापेक्षा लहान सगळे काढून टाका’ ही आज्ञा प्रोग्राममध्ये असेल तर ती आत्ताच पुसा. वायू जवळजवळ नसेल तेव्हा उपकरणाच्या गोंगाटामुळे साधारण निम्म्या नोंदी शून्याच्या खाली येतात, आणि त्या खऱ्याच असतात. त्या काढल्या की नसलेला वायू असल्यासारखा दिसू लागतो. शिवाय ही आज्ञा सगळ्या स्तंभांना लागली तर दक्षिण गोलार्धाचे अक्षांश, पश्चिमेचे रेखांश आणि वरच्या थरातले तापमानही जाते. ‘अ‍ॅटम’सारख्या मोहिमेच्या प्रवासाचा यात बराच मोठा भाग पुसला जातो.

फाइलच्या नावाच्या शेवटी आवृत्तीही पाहा. ‘आर-ए’, ‘आर-बी’ अशी अक्षरे म्हणजे मोहीम चालू असतानाची कच्ची आकडेवारी. ‘आर-०’, ‘आर-१’ असे अंक म्हणजे अंतिम आणि त्यानंतर सुधारलेली. एकाच गटातल्या दोघांचे आलेख जुळत नसतील तर बाकी काही करण्याआधी दोघांच्या फाइलींची नावे शेजारी ठेवा.

वेळ

रेषा आडवी मागे धावण्याचे कारण बहुतेक वेळा मध्यरात्र असते. आयकार्ट फाइलमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत असते. सोलमध्ये सकाळचे आठ वाजतात तेव्हा ग्रिनिचला आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. सकाळी निघालेले विमान तासाभरातच जागतिक मध्यरात्र ओलांडते. नियमानुसार सेकंद ८६,४००च्या पुढे मोजत जायचे असतात आणि फाइलवर सुरुवातीची तारीख राहते. पण आपला प्रोग्राम तासांत रूपांतर करताना २४ने भागून बाकी घेतो, किंवा दुसऱ्या एखाद्या फाइलीत मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झालेली असते. मग उड्डाणाचा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या आधी जाऊन बसतो. वेळेचा स्तंभ नुसता काढून पाहा. तो सतत चढत गेला पाहिजे. कुठे खाली आला तर तिथून पुढे ८६,४०० मिळवा.

भारतातल्या कामात वेगळा घोटाळा होतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या, ढग आणि कणांवरच्या ‘कायपीक्स’ मोहिमेत सोलापुरात जमिनीवरची निरीक्षणे आणि विमानाची उड्डाणे दोन्ही झाली. अशी तुलना करताना एक नोंद भारतीय वेळेत आणि दुसरी जागतिक वेळेत असेल, तर १९,८०० सेकंदांचा फरक पडतो. ओझोनसारख्या, उन्हात तयार होणाऱ्या वायूच्या बाबतीत साडेपाच तास सरकले की सकाळ दुपार होते. आलेख दिसायला नीट असतो आणि निष्कर्ष उलटा निघतो. विश्लेषण जागतिक वेळेत करा, पण वाचणाऱ्यासाठी अक्षावर स्थानिक वेळही द्या.

तिसरी गोष्ट, दिलेली वेळ नोंदीच्या सुरुवातीची की मधली? ६० सेकंदांच्या सरासरीवर सुरुवातीची वेळ लावली तर नोंद अर्ध्या मिनिटाने मागे सरकते. सेकंदाला २०० मीटर वेगाने ते सहा किलोमीटर झाले.

रेषा काढताय की बिंदू?

उपकरणे उड्डाणातही अधूनमधून शून्य हवा (तो वायू काढून टाकलेली) किंवा प्रमाण वायू (ठाऊक प्रमाणाचा) घेऊन स्वतःला तपासतात. तेवढा वेळ नोंद नसते. रेषेचा आलेख या खाचा सरळ जोडून टाकतो, आणि मग कुणीतरी ‘इथे प्रमाण एकसमान घटत गेले’ असे लिहून बसतो. बिंदू काढा, किंवा खाच आली की रेषा तोडा. धावपट्टीवरच्या नोंदीही काढा. उड्डाणापूर्वी रांगेत उभे असताना नायट्रोजन ऑक्साइडे दिसतात ती इतर विमानांच्या धुराची असतात.

उंची कुठली?

एकाच फाइलीत दोन-तीन उंच्या असतात. दाबावरून काढलेली उंची प्रमाण वातावरण (ठरवून दिलेले सरासरी वातावरण) गृहीत धरते, जीपीएसची उंची भौमितिक असते. उष्ण कटिबंधात हवा गरम आणि फुगलेली असल्याने २०० हेक्टोपास्कल दाबाच्या आसपास या दोघींत पाचशे-सहाशे मीटरचा फरक सहज पडतो. उपग्रहाशी किंवा संगणकी प्रारूपाशी तुलना करायची असेल तर दाबच अक्षावर घ्या, वाद मिटतो. काही स्तंभ फुटांत असतात, तेही पाहा.

समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जमिनीपासूनची उंची यांतही गल्लत होते. २०१७मध्ये ‘स्ट्रॅटोक्लिम’ मोहिमेचे जिओफिजिका विमान काठमांडूहून उडाले. ते शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे. तिथला दोन किलोमीटरचा थर आणि समुद्रावरचा दोन किलोमीटरचा थर एका सरासरीत घालण्यात अर्थ नाही. एक जमिनीला लागून असतो, दुसरा बहुधा खालच्या मिश्र थराच्या वर असतो.

एकक

वायूंचे प्रमाण सहसा पीपीबीत असते, म्हणजे हवेच्या अब्ज रेणूंत त्या वायूचे किती रेणू. हवा वर जाऊन पसरली तरी हा आकडा बदलत नाही. कणांचे प्रमाण मात्र घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये देतात, आणि इथे घनमीटर कुठला हे विचारावेच लागते. प्रमाण तापमान-दाबाचा घनमीटर असेल तर उंचीमुळे होणारे विरलीकरण त्यातून काढलेले असते. प्रत्यक्ष हवेचा असेल तर बारा किलोमीटरवर हवेची घनता प्रमाण स्थितीच्या जेमतेम पाव असल्याने तोच आकडा पाव दिसतो. चौपटीचे कोडे बहुधा इथेच सुटते. ‘प्रमाण तापमान’ म्हणून काही गट शून्य अंश सेल्सिअस घेतात, काही २० किंवा २५. शून्य आणि २५ यांत नऊ टक्के फरक पडतो.

कार्बन डायऑक्साइडसाठी कोरडी हवा की ओली हवा हे बघा. दमट सागरी हवेत अडीच टक्के बाष्प असेल तर चारशेवर असलेल्या आकड्यात सुमारे दहा पीपीएमचा (दशलक्षात दहा भागांचा) फरक येतो. ज्या फरकांवर लेख लिहिले जातात, ते याहून लहान असतात.

शिखरे पुढेमागे दिसत असतील

इथून पुढे काम अवघड होते आणि घाई महागात पडते. बाहेरची हवा नळीतून उपकरणापर्यंत पोचायला वेळ लागतो. प्रत्येक नळीची लांबी आणि प्रवाह वेगळा. विमान सेकंदाला १५० ते २०० मीटर कापते, म्हणून पाच सेकंदांची चूक किलोमीटरची होते. अरुंद लोट तेवढ्यात संपतो. वेटोळे होते ते यामुळेच. लोटात शिरताना एक वायू वाढलेला असतो आणि दुसरा अजून नाही, बाहेर पडताना नेमके उलट.

लोटाची धारदार कडा निवडा. दोन्ही मालिका एकमेकींवर सेकंद-सेकंद सरकवून सहसंबंध सर्वाधिक कुठे येतो ते पाहा. उड्डाणाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळ्या कडा घेऊन हेच करा. तिन्ही ठिकाणी तेवढेच सेकंद आले तर तेवढे सरकवायला हरकत नाही, मात्र लेखात नोंद हवी. वेगवेगळे आले तर हात आखडता घ्या.

वेगवान आणि संथ उपकरणांची सांगड घालताना नेहमी संथाच्या वेळा धरा. डब्यात हवा भरून पुढे प्रयोगशाळेत तपासली जाते, तेव्हा डबा भरायला लागलेल्या पूर्ण वेळेतली वेगवान नोंदींची सरासरी घ्यायची. डब्याचा एकच आकडा त्या सगळ्या सेकंदांवर पसरवला तर एका नमुन्याचे अनेक बिंदू होतात आणि सहसंबंध फुकटचा भक्कम दिसतो.

सरासरी, आणि विमान तिथे का गेले होते

मला सर्वांत जास्त वेळ इथे द्यावासा वाटतो, कारण हा दोष आलेखात दिसत नाही.

विमान कुठेही सहज भटकत नसते. धुराच्या मोहिमेत ते मुद्दाम लोटात शिरते, पुन्हा वळून शिरते. अशा उड्डाणांची सरासरी ही त्या प्रदेशाच्या हवेची सरासरी नसते, वैमानिक आणि शास्त्रज्ञांनी निवडलेल्या हवेची असते. ‘अ‍ॅटम’चा आराखडा वेगळा होता. लोटांच्या मागे न लागता ०.२ ते १२ किलोमीटरमध्ये सतत खालीवर होत जायचे. म्हणून तिथल्या सांख्यिकीला पार्श्वभूमीचे वजन आहे. हवेच्या गुणवत्तेवरच्या ‘डिस्कव्हर-एक्यू’ मोहिमेत विमान जमिनीवरच्या त्याच केंद्रांवर दिवसातून अनेकदा घिरट्या घेत चढत-उतरत होते, त्यामुळे एकाच जागेची सकाळ-दुपार मांडता येते. या तीन प्रकारांची आकडेवारी एकाच आलेखात एकाच चिन्हाने दाखवू नका. उड्डाणाचा अहवाल मोहिमेच्या साठ्यात असतो, तो वाचला की विमान कुठे का वळले हे कळते.

मग उंचीचे थर पाडा. प्रत्येक थरात मध्यक आणि मधल्या पन्नास टक्के नोंदींचा पल्ला दाखवा. एका दाट लोटाने सरासरी ओढली जाते, मध्यक सहसा जागेवर राहतो. थरात किती नोंदी आहेत, त्याहीपेक्षा किती वेगळ्या उड्डाणांतल्या आहेत, हे बाजूला लिहा. एकाच तासाच्या सपाट उड्डाणातल्या हजारो नोंदी म्हणजे हजारो स्वतंत्र साक्षीदार नव्हेत.

आता दोनशे पीपीबीचे कोडे. तपस्तब्धी म्हणजे खालचे तपांबर आणि वरचे स्थितांबर यांमधली सीमा. ध्रुवीय भागात ती आठ-नऊ किलोमीटरवर असू शकते, उष्ण कटिबंधात ती सोळा-सतराच्या घरात असते. दहा किलोमीटरवर सगळे अक्षांश एकत्र केले तर काही नोंदी तपांबरातल्या, काही स्थितांबरातल्या येतात. पहिल्यांत ओझोन दोन आकडी पीपीबी, दुसऱ्यांत शेकडो. सरासरी मधोमध पडते, जिथे हवाच नव्हती. ओझोन खूप, कार्बन मोनॉक्साइड कमी आणि बाष्प जवळजवळ नाही, अशा नोंदी वेगळ्या काढून वेगळ्या रंगात मांडा.

चढताना-उतरताना फरक दिसला तर आधी नकाशा पाहा. दोन्हींत शेकडो किलोमीटर आणि काही तासांचे अंतर असेल तर फरक खराही असू शकतो.

रंग आणि अक्ष

नकाशावर एकाच मार्गाने वेगवेगळ्या उंचीवर केलेल्या फेऱ्या एकमेकींना झाकतात. उंचीनुसार नकाशे वेगळे करा, किंवा एक अक्ष अक्षांशाचा आणि दुसरा उंचीचा घेऊन पडद्यासारखा छेद काढा. इंद्रधनुष्याच्या रंगपट्टीत पिवळ्याजवळ नसलेली सीमा दिसते, आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या वाचकाला तर काहीच कळत नाही. एकाच दिशेने उजळत जाणारी पट्टी घ्या.

अक्षाची निवड किती काम करते, याचे मला कायम आठवणारे उदाहरण १९८७चे. नासाच्या ईआर-२ विमानाने चिलीतल्या पुंता अरेनासहून दक्षिणेला, अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राकडे उड्डाणे केली. हार्वर्डचे शास्त्रज्ञ जेम्स अँडरसन यांच्या गटाने मोजलेले क्लोरीन मोनॉक्साइड आणि ओझोन एकाच आलेखात, आडव्या अक्षावर वेळ न घेता अक्षांश घेऊन मांडले गेले. २३ ऑगस्टला दक्षिणेकडे क्लोरीन मोनॉक्साइड चढलेले दिसते, ओझोन अजून फारसा ढळलेला नाही. १६ सप्टेंबरला जिथे एक चढतो तिथेच दुसरा कोसळतो, बारीकसारीक दातेही एकमेकांचे उलटे प्रतिबिंब. दोन दिवसांचे आलेख शेजारी ठेवल्यावर ओझोन कोण खातो, हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

कुठे थांबायचे

खालीलपैकी काही दिसले तर स्वतः दुरुस्ती करू नका. हेडरमध्ये नाव असलेल्या मुख्य संशोधकाला लिहा.

- उड्डाणात उंचीबरोबर किंवा वेळेबरोबर सेकंदांचा फरक बदलत जातो.
- एकाच वायूची दोन उपकरणे हेडरमधल्या एकत्रित अनिश्चिततेपेक्षा जास्त वेगळे आकडे देतात. त्यांची सरासरी काढू नका आणि सोयीचे एक निवडूही नका.
- नायट्रिक आम्ल किंवा अमोनिया उतरताना वेगळे, चढताना वेगळे दिसते. हे वायू नळीच्या भिंतीला चिकटतात आणि सावकाश सुटतात. किती चिकटतात हे ते उपकरण चालवणाऱ्यालाच ठाऊक.
- खाचेच्या आधीची आणि नंतरची पातळी पायरीसारखी तुटते.
- ‘एवढ्याने गुणले की जुळते’ असा गुणक तुम्हाला सापडला आहे. हा सर्वांत धोक्याचा, कारण तो पुढच्या उड्डाणात चालत नाही.

पत्रात फाइलचे आवृत्तीसह पूर्ण नाव, सुरुवातीचा आणि शेवटचा सेकंद, काहीही गुळगुळीत न करता काढलेले दोन साधे आलेख आणि वरच्यापैकी काय काय तपासून झाले ते लिहा. एवढे दिले की समोरच्याला उड्डाणाच्या वहीत ती वेळ शोधता येते. वापराच्या अटींत प्रसिद्धीआधी कळवा असे म्हटले असेल तर तेही याच पत्रात कळवा. नवी आवृत्ती आली तर जुनी फाइल बाजूला काढा आणि सगळ्या उपकरणांची एकत्रित फाइल मुळापासून पुन्हा तयार करा. एका उपकरणाची दुरुस्ती आधीच बनवलेल्या एकत्रित फाइलीत आपोआप उतरत नाही.